साखरेची वाट

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या डाळिंबाच्या बागेत गेलो होतो. गुटी कलमं बांधायचं काम चाललं होतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची बोटभर साल त्याने चाकू गोल फिरवून काढली, उघड्या पडलेल्या भागाभोवती ओलं शेवाळ बसवलं, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली आणि दोन्ही टोकांना दोरा आवळला. हात इतका सरावाचा, की बोलता बोलता दहा-बारा गुट्या बांधून झाल्या. मग आधी बांधलेली एक गुटी सोडून त्याने मला दाखवली. सालीच्या वरच्या काठाला गाठीसारखा फुगवटा आला होता आणि त्यातून पांढरी मुळं सुटली होती. खालचा काठ मात्र कोरडाच.

"सर, मुळ्या कायम वरच्या काठालाच फुटतात," तो म्हणाला आणि गप्प झाला. त्याला काय आठवलं असणार ते मला कळलं, कारण मलाही तेच आठवलं होतं. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण मी मूळचा इतिहासाचा माणूस, आणि या वरच्या काठाला स्वतःचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

इटलीत बोलोन्याजवळ १६२८ साली मार्चेलो मालपिगी जन्मला. त्याच वर्षी इंग्लंडच्या विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणाचा ग्रंथ छापून निघाला. हा योगायोग मला फार आवडतो, कारण हार्वेच्या सिद्धांतातली राहिलेली कडी याच मालपिगीने पुढे जोडली. रोहिणीतलं रक्त नीलेत कुठून जातं हे हार्वेला दिसलं नव्हतं. मालपिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या. नंतर हा वैद्य झाडांकडे वळला. प्राण्यांची शरीरं गुंतागुंतीची असतात, वनस्पती साध्या असतील, तिथून सुरुवात करावी असा त्याचा विचार होता. (वनस्पती साध्या असतात हा त्याचा समज पुढच्या तीनशे वर्षांत पार धुऊन निघाला, पण ते असो.)

त्याचा झाडांवरचा ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७५ आणि १६७९ अशा दोन भागांत छापला. झाडाच्या फांदीची साल कड्यासारखी गोल काढली तर काय होतं, ते मालपिगीने करून पाहिलं होतं. आतलं लाकूड शाबूत, फक्त सालीचं कडं गेलेलं. वरची पानं कोमेजली नाहीत. म्हणजे पाणी लाकडातून चढत होतं. पण काही काळाने कड्याच्या वरच्या बाजूची साल फुगली आणि खालची तशीच राहिली. त्याने निष्कर्ष काढला तो असा : पानांत काहीतरी पोषक तयार होतं, ते सालीतून परत येतं आणि वाट तुटली की तिथे तुंबून राहतं. ऑक्सिजनचा शोध लागायला अजून शंभर वर्षं होती, प्रकाशसंश्लेषण हा शब्दही नव्हता. नुसत्या चाकूने आणि थांबून पाहण्याने एवढं कळलं.

त्यानंतर इंग्लंडातले एक पाद्री, स्टीफन हेल्स. टेडिंग्टन गावचं चर्च सांभाळून उरलेल्या वेळात हे गृहस्थ सूर्यफुलाची कुंडी रोज तराजूत घालून किती पाणी उडालं ते मोजत. घोडीच्या धमनीत नळी घालून रक्ताचा दाब मोजणारे तेच. त्यांचं झाडांवरचं पुस्तक १७२७ मध्ये आलं. त्यांनीही फांद्यांवर सालीची कडी काढली, एकाखाली एक अशी अनेक. जिथे दोन कड्यांमधल्या सालीवर पानाचा डोळा होता, तिथेच साल फुगली. जिथे डोळा नव्हता, तिथे नाही. हेल्स यांनी मात्र यातून वेगळाच अर्थ काढला. रक्तासारखं रसाचं अभिसरण झाडात होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते ठाम होते. एकच प्रयोग, दोन सज्जन माणसं, दोन अर्थ. इतिहासात हे नेहमी घडतं. एकाच बखरीवरून दोन पक्ष भांडतात, तसंच.

आता माझी गोष्ट.

१९८६ साली आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांची बदली झाली आणि वर्षभर आठवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. बी. ए. झालेल्या माणसाने वनस्पतिशास्त्र शिकवायचं म्हणजे आदल्या रात्री धडा वाचायचा आणि सकाळी तो खडूने फळ्यावर उतरवायचा. धड्यात दोन शब्द होते : जलवाहिनी आणि रसवाहिनी. "पाणी वर जातं, अन्न खाली येतं," असं मी मुलांकडून घोकून घेतलं. परीक्षेला तेवढं पुरे होतं.

शाळेच्या कुंपणाला लागून रस्त्याच्या कडेला एक जुना कडुनिंब होता. मधल्या सुट्टीत निम्मी शाळा त्याच्याखाली डबे खायची. त्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी पाहिलं तर कंबरेएवढ्या उंचीवर वीतभर रुंदीची साल कुणीतरी गोल काढून नेली होती. नीट, कुऱ्हाडीने. आत पिवळसर लाकूड उघडं पडलेलं. कुणी केलं ते कधीच कळलं नाही. कळून घ्यायची फारशी इच्छाही कुणाला नव्हती. मुलं हळहळली. आठवीतला एक मुलगा तासाला उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचे वडील म्हणतात झाड मरणार. आता लगेच कलम घातलं तर वाचंल."

मी त्याला खिडकीजवळ नेलं. पानं हिरवीगार होती. म्हटलं, "बघ, पाणी चढतंय की नाही? लाकूड शाबूत आहे. झाडाला काही होत नाही." वर्ग समाधानाने खाली बसला.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. डोक्याला पटका, हातात पोत्याचं फडकं, बादलीत शेण आणि चिकणमाती. म्हणाले, "मास्तर, पाल्याकडं बघू नका. खाली मूळ उपाशी मरतंय." शेजारच्या फुटव्यांच्या काड्या कापून, जखमेच्या खालून वर अशा पुलासारख्या बसवायच्या, वरून लिंपायचं, असं काहीतरी ते सांगत होते. पुढे मला कळलं, की याला सेतू कलम म्हणतात आणि जगभर बागाईतदार ते करतात. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. शाळेच्या झाडाला हात लावायचा तर वर विचारावं लागेल, शिवाय झाड ठणठणीत आहे, असं मी म्हणालो.

पुढच्या चैत्रात निंबाला पालवी आली, पण विरळ. त्याच्या पुढच्या वर्षी काही फांद्यांना आलीच नाही. तिसऱ्या वर्षी "वाळलेलं झाड मुलांच्या अंगावर पडेल" म्हणून ते रीतसर परवानगीने तोडलं. माझ्याच सहीचा अर्ज त्यात होता.

त्यात काय घडलं होतं ते आता सरळ सांगता येतं. मुळांना पान नाही, ऊन नाही. त्यांचं जेवण वरून सालीतल्या रसवाहिन्यांतून यायचं. ती वाट कापली. मुळांमध्ये जे पिष्ट साठलेलं होतं ते पुरवून पुरवून त्यांनी खाल्लं आणि तोवर वर पाणी चढवत राहिली. पानांना पाणी मिळत होतं म्हणून पानं हिरवी होती. ज्याचं जेवण तोडलंय तोच वर पाणी भरतोय, आणि मी वर्गाला पानं दाखवतोय!

निवृत्तीनंतर मी हा विषय हळूहळू वाचत गेलो. म्हणून पुढचा इतिहास जरा लांबेल, माफ करा.

सालीतून काहीतरी येतं हे मालपिगीने दाखवलं, पण कशातून येतं? जर्मनीतले वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांना १८३७ मध्ये सालीच्या आतल्या थरात लांबट पेशींच्या रांगा दिसल्या. दोन पेशींमधल्या आडव्या भिंतीला चाळणीसारखी भोकं. म्हणून त्या चाळणी-नलिका. पुढे १८६० च्या सुमारास त्यांनी सालीत बारीक काप घेतला तर त्यातून गोड रस पाझरला. जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या असतात. चाळणी-नलिका मात्र जिवंत, पण अर्ध्यामुर्ध्या. त्यांच्यात केंद्रक उरलेलं नसतं. शेजारची एक सहपेशी त्यांचा संसार चालवते.

साखर वाहते एवढं ठरलं, पण ढकलतं कोण? पाण्यात साखरेचा खडा टाकला तर गोडी आपोआप पसरते, तसं पसरत जात असेल का? हिशेब केला तर अशी पसरत जाणारी साखर मीटरभर पोहोचायला काही दशकं लागतील. ऊस बारा-अठरा महिन्यांत तयार होतो. म्हणजे ते नाही.

आता येतात डब्लिनचे हेन्री डिक्सन. उंच झाडांत पाणी कसं चढतं, पानांतून उडणारं पाणी खालच्या पाण्याच्या धाग्याला कसं ओढतं, हे त्यांनी जॉन जोली यांच्याबरोबर १८९४ मध्ये मांडलं आणि ते आजही मान्य आहे. पहिल्या प्रतीचा माणूस. १९२२ मध्ये त्यांनी आणि बॉल नावाच्या सहकाऱ्याने एक बटाटा घेतला. त्यांचं गणित इतकं देखणं आहे की मी ते वहीत उतरवून ठेवलंय. बटाटा २१० ग्रॅमचा, त्यात कर्बोदकं ५० ग्रॅमच्या वर. ती जमायला १०० दिवस लागले. बटाटा ज्या देठाने झाडाला जोडलेला असतो, त्यातल्या रसवाहिन्यांच्या थराचं क्षेत्रफळ ०.००४२ चौरस सेंटिमीटर. रस १० टक्के साखरेचा धरू. मग ५० ग्रॅमसाठी ५०० घनसेंटिमीटर रस आला पाहिजे. दिवसाला ५, तासाला साधारण ०.२१. याला ०.००४२ ने भागा. तासाला ५० सेंटिमीटर!

मिलिमीटरच्या काही शतांश रुंदीच्या, जागोजागी चाळण्या बसवलेल्या जिवंत नळ्यांतून तासाला अर्धा मीटर? डिक्सन म्हणाले, अशक्य. म्हणून साखर सालीतून नव्हे, लाकडातूनच खाली येत असली पाहिजे.

गंमत बघा. गणित बरोबर होतं. आकडासुद्धा बरोबर होता. पुढे प्रत्यक्ष मोजमापं झाली तेव्हा रसाचा वेग तासाला साधारण अर्धा ते एक मीटर, कधी त्याहूनही जास्त निघाला. चुकला तो फक्त "अशक्य" हा शब्द. मला डिक्सनबद्दल एक आपुलकी वाटते. त्यांच्यापुढे बटाटा होता, माझ्यापुढे हिरवी पानं होती.

त्यांना उत्तर मिळालं कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर. तिथे साम्राज्याच्या कापसासाठी एक संशोधन केंद्र होतं. मेसन आणि मास्केल या दोघांनी १९२८ मध्ये कापसाच्या झाडांवर केलेलं काम मला या सगळ्या कथेतलं सर्वांत कष्टाचं वाटतं. दिवस-रात्र ठरावीक तासांनी पानं, साल आणि लाकूड वेगवेगळं करून साखर मोजायची. दुपारी पानात साखर वाढली, की मागोमाग सालीत वाढते. सालीचं कडं काढलं की खाली जाणं थांबतं. काही खोडांवर त्यांनी साल लाकडापासून सोडवून मध्ये मेणकागद सरकवला. लाकडाशी संबंध तुटला तरी साखर सालीतून जातच राहिली. वाद मिटला. पण साध्या पसरण्याच्या मानाने ही साखर सुमारे ४०,००० पट वेगाने जाते, असं त्यांच्याच हिशेबात आलं, आणि ते कसं, हे त्यांनाही सांगता येईना.

ते सांगितलं एर्न्स्ट म्युंश या जर्मन वनशास्त्रज्ञाने. १९२६ मध्ये त्याने कल्पना मांडली आणि १९३० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कल्पना घरगुती म्हणावी अशी आहे. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण आत गोडी आहे आणि पाणी गोडीकडे जातं. आता अशा दोन पिशव्या घ्या, एकीत दाट साखरपाणी, दुसरीत पातळ. दोन्ही नळीने जोडा आणि पाण्यात बुडवा. दाट पिशवीत पाणी शिरेल, दाब वाढेल आणि साखरपाणी नळीतून दुसरीकडे ढकललं जाईल. झाडात पहिली पिशवी म्हणजे पान. साखर करून ते नलिकेत भरतं, शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत ओढलं जातं. दुसरी पिशवी म्हणजे मूळ, फळ, कंद, वाढता शेंडा. तिथे साखर काढून घेतली जाते, दाब उतरतो. मध्ये पंप नाही, हृदय नाही. हार्वे आणि मालपिगी दोघांनाही हे ऐकून मौज वाटली असती.

आणि इथे माझं घोकून घेतलेलं वाक्यही मोडीत निघतं. अन्न "खाली" येत नाही. जिथे आहे तिथून, जिथे हवं तिथे जातं. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा अंगावर पानं नसताना फुलतात, तेव्हा खोडामुळांत साठवलेलं अन्न वर चढत असतं. कोकणात आणि गोव्यात माडाची पोय बांधून, रोज तिचा शेंडा तासून माडी काढतात, ती हीच वाहती साखर. भांडं भरतं माडाच्या शेंड्यावर, पायथ्याशी नव्हे. (चढायला माडाच्या खोडाला खाचा पाडतात तरी माड मरत नाही. कारण त्याच्या वाहिन्या सालीच्या एका थरात नसून खोडभर विखुरलेल्या असतात. उसाचंही तेच.)

म्युंशचं म्हणणं लगेच मान्य झालं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले तेव्हा चाळण्यांची भोकं बुळबुळीत प्रथिनाने बुजलेली दिसायला लागली. बुजलेल्या नळीतून प्रवाह कसा? बरीच वर्षं भांडण चाललं. खरं म्हणजे ती भोकं कापल्यामुळे बुजत होती. नलिकेत मोटारीच्या चाकाच्या कित्येक पट दाब असतो. कापलं की रस उसळतो आणि झाड झटकन गुळणी धरतं, जसं रक्त गोठतं. पाहायला जावं तर पाहणंच बिघडतं.

मग न कापता रस काढायचा कसा? ते काम एका किड्याला आधीपासून येत होतं. आपला मावा! करडईवर पडतो तो, किंवा २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा पडला आणि पानं चिकट होऊन वर काळी बुरशी चढली, तो. मावा आपली केसाहून बारीक सोंड नेमकी एका चाळणी-नलिकेत घालतो आणि झाडाला पत्ता लागत नाही. केनेडी आणि मिटलर यांनी १९५३ मध्ये वाळुंजाच्या झाडावर बसलेल्या माव्याची सोंड तशीच रुतलेली ठेवून किडा कापून काढला. तुटलेल्या सोंडेतून रस थेंबाथेंबाने येत राहिला, तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस. म्हणजे किडा ओढत नव्हता. झाडच ढकलत होतं. त्याला न पचलेली साखर मागून गळते, तोच पानावरचा चिकटा. आमच्याकडे शेतकरी "चिकटा पडला" म्हणतात तेव्हा म्युंशच्या दाबाचंच वर्णन करत असतात.

पुढचं थोडक्यात. १९९८ मध्ये नोब्लाउख आणि फान बेल यांनी घेवड्याच्या जातीच्या एका जिवंत रोपात चाळण्यांमधून रस वाहताना पाहिला. उंच झाडांत एवढा दाब पुरेल का, ही शंका उरली होती. २०१६ मध्ये नोब्लाउख यांच्याच गटाने एक वेल लांबच लांब वाढवून मोजलं. वेल लांबत गेला तसा पानांकडचा दाबही वाढत गेला आणि नळ्याही वाहायला मोकळ्या होत गेल्या. साखर नलिकेत भरणाऱ्या प्रथिनांपैकी पहिलं १९९२ मध्ये पालकात सापडलं. २०१० नंतर "स्वीट" नावाची आणखी एक मालिका सापडली, ती साखर पेशीबाहेर सोडते. भातावरच्या करप्याचे जिवाणू हीच दारं फितूर करून स्वतःसाठी साखर काढतात म्हणे. फितुरी आली की इतिहासाच्या शिक्षकाला घरी आल्यासारखं वाटतं!

असो. डाळिंबाच्या बागेत आम्ही दोघं बांधावर बसलो. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, "तुझे वडील शेण-माती घेऊन आले होते, आठवतं?"

"आठवतंय की. बादली मीच उचलून आणली होती."

"त्या वेळी सेतू कलम घातलं असतं तर निंब वाचला असता?"

तो थोडा वेळ फांदीकडे बघत राहिला. "सर, पावसाळा होता, साल ओली होती, जखम दोन-तीन दिवसांची. चार-पाच काड्या बसवल्या असत्या तर एखाददुसरी लागलीच असती." मग मला वाईट वाटेल म्हणून की काय, घाईने म्हणाला, "पण ज्यानं साल काढली त्यानं परत काढली असती."

निघताना त्याने दोन सुटलेल्या गुट्या माझ्या पिशवीत टाकल्या. एक मी घरी कुंडीत लावली. दुसरी शाळेत नेऊन, आता जिथे कुंपणाची भिंत आहे तिच्या आतल्या बाजूला लावून आलो. शिपाई म्हणाला, साहेब, इथं शेळ्या येतात. त्याला पुढच्या आठवड्यात काटेरी जाळी नेऊन द्यायची आहे.